वाळू कोणत्या कामाची? श्रीरामपूरच्या दोन नद्या आणि एका शब्दाचा इतिहास



१ मे २०२३ ला आमच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावात राज्यातलं पहिलं शासकीय वाळू विक्री केंद्र सुरू झालं. दर ६०० रुपये ब्रास, वाहतूक ज्याची त्याने करायची. पेपरात आणि व्हॉट्सॲपवर चर्चा झाली ती दराची आणि वाळूमाफियांची. आमच्या घरी मात्र ओळखीच्या मिस्त्रींनी वेगळाच प्रश्न विचारला. "सहाशेला वाळू मिळंल हो ताई, पण कोणती? गिलाव्याची का स्लॅबची?"

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसलाय. तुम्हाला या प्रश्नापाशी थोडं थांबवायचं आहे. 'नदीची वाळू आणि कृत्रिम वाळू यांचा तुलनात्मक अभ्यास' असा विषय मी स्वतः एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लिहून दिला होता. गाइडनी तो कागद परत केला आणि बाजूला पेन्सिलने एवढंच लिहिलं: कशासाठी? तेव्हा मला वाटलं, सर नेहमीप्रमाणे खुसपट काढतायत. त्या एका शब्दामागे किती मोठा इतिहास आहे ते पुढे हळूहळू कळत गेलं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी मिस्त्रींची वर्गवारी बघू. त्यांच्या दृष्टीने वाळू तीन कामांची असते. काँक्रीटला जाड, दाणेदार. जोडकामाला, म्हणजे विटा किंवा दगड बसवायला, मध्यम आणि चाळलेली. गिलाव्याला बारीक, वस्त्रगाळ नव्हे, पण हात फिरवला की रेघ न उमटणारी. गंमत म्हणजे भारतीय मानकांची पुस्तकंही नेमकी अशीच वेगळी आहेत. काँक्रीटच्या वाळूसाठी आयएस ३८३, जोडकामासाठी आयएस २११६, गिलाव्यासाठी आयएस १५४२. आयएस ३८३ मध्ये वाळूचे चार झोन आहेत आणि ते मुख्यतः ६०० मायक्रॉनच्या चाळणीवर ठरतात. या चाळणीतून १५ ते ३४ टक्के वाळू खाली गेली तर पहिला झोन, म्हणजे जाड. ३५ ते ५९ गेली तर दुसरा, ६० ते ७९ तिसरा, आणि ८० च्या वर चौथा, म्हणजे फारच बारीक. आरसीसीच्या कामात साधारणपणे दुसऱ्या झोनची वाळू पसंत करतात. मिस्त्री ज्याला 'मध्यम जाड' म्हणतात, ती बहुतेक हीच.

वाळूची परीक्षाही जुनीच. मूठभर वाळू तळहातावर चोळायची, करकर आवाज आला पाहिजे, हात झटकल्यावर मातीचा डाग राहता कामा नये. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलं आहे. हातात चोळून आवाज बघा, किंवा पांढऱ्या कापडावर टाकून झटका आणि डाग पडतो का ते पाहा. पण त्याच्या पुस्तकात याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. चुन्याच्या मसाल्यासाठी तो नदीच्या वाळूला पहिला नंबर देत नाही. खाणीतून काढलेली ताजी वाळू असेल तर चुन्याच्या एका भागाला वाळूचे तीन भाग घ्या, नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनच घ्या, असं त्याचं प्रमाण आहे. नदीच्या वाळूत खापरांचा चुरा घातला तर मसाला सुधारतो, असंही तो सांगतो. म्हणजे 'नदीची वाळू सर्वांत चांगली' हे आपण ज्या खात्रीने म्हणतो, ती खात्री त्याच्याकडे नव्हती. मग आपल्याकडे ती आली कुठून?

यासाठी श्रीरामपूर तालुका उत्तम आहे. उत्तर सीमेवर गोदावरी, मधून प्रवरा, आणि प्रवरेच्या काठी दायमाबाद. १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्य रथामुळे आणि हत्ती, गेंडा, रेड्याच्या मूर्तींमुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इ.स.पू. २२०० च्या आसपासपासून हजारेक वर्षं, म्हणजे सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंत, तिथे वस्ती होती. आता बघा, वाळू दोन पावलांवर नदीत पडलेली, आणि ही माणसं घरं बांधतात मातीच्या भिंतींची. कारण साधं आहे. वाळू स्वतः काहीच धरून ठेवत नाही. तिला धरणारा कोणीतरी लागतो, आणि मातीच्या घरात ते काम चिकणमाती करते. वाळू त्यात असते ती मातीतच मिसळून आलेली, भिंत आकसून फाटू नये एवढ्यापुरती.

हे फक्त दायमाबादचं नाही. आपल्या जिल्ह्यात आणि पलीकडे मराठवाड्यात धाब्याची, माळवदाची घरं आपल्या आजी-आजोबांच्या काळापर्यंत बांधली जात होती. त्यांना हवी असायची पांढरी माती. ती बऱ्याचदा जुन्या गावठाणाच्या टेकाडातून, पांढरीतून खणून आणायचे. त्यामुळे कित्येक पुरातत्त्वीय टेकाडं कोणी उत्खनन करण्याआधीच घरांच्या भिंतीत गेली. म्हणजे बांधकामासाठी ओरबाडणं ही आजची गोष्ट नाही. तेव्हा ओढ टेकाडावर होती, आता नदीवर आली.

दुसरा टप्पा चुन्याचा. देवळं, वाडे, किल्ले, पूल यांचा. आपल्या भागात काळ्या मातीत आणि नदीकाठच्या दरडीत चुनखडीचे खडे सापडतात. ते भाजून चुना करता येतो, आणि खड्यांमध्ये थोडी चिकणमाती असल्यामुळे हा चुना काही प्रमाणात पाण्याखालीही घट्ट होतो. चुन्यात वाळू दोन कामं करते. चुना वाळताना आकसतो, ते आकसणं वाळू अडवते. शिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो, तर त्या हवेला आत शिरायला वाळूमुळे वाट मिळते. त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांचा चुरा टाकला की ती चुन्याशी रासायनिक क्रिया करून मसाला आणखी बळकट करते.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो घाणा. किल्ल्यावर फिरायला गेलात की दगडी गोल चर आणि शेजारी पडलेलं दगडी चाक दिसतं, तोच चुन्याचा घाणा. बैल ते चाक फिरवायचे आणि चुना, वाळू, सुरखी एकत्र मळली जायची. आता विचार करा, त्या चाकाखाली वाळूचं काय होत असेल? ती नुसती मिसळत नसे, दळलीही जात असे. दाणे फुटायचे, बारीक-जाड यांचं मिश्रण घाण्यातच जमून यायचं. त्यामुळे आणलेली वाळू थोडी डावी-उजवी असली तरी घाणा ते भरून काढायचा. हा माझा तर्क आहे, पण प्रयोगशाळेत वाळू दळून, पुन्हा चाळून पाहिली की तो पटतो.

श्रीरामपूरला आज जो ऊस दिसतो त्याच्यामागेही हाच मसाला आहे. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, काम दगडाचं, चुन्याच्या मसाल्यातलं. त्याच्या पाण्यावर ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघाला, आणि डाव्या कालव्याने आमच्या बाजूचं नशीब बदललं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं आणि पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन १९१४ मध्ये सुरू झालेलं. तरी त्या काळातलं इतकं मोठं धरण चुन्यात उभं राहिलं, हे लक्षात ठेवा. नवं तंत्र आलं की जुनं दुसऱ्या दिवशी संपतं, अशी कालरेषा परीक्षेच्या गाइडमध्ये असते. प्रत्यक्षात दोन्ही बराच काळ शेजारी शेजारी नांदतात.

सिमेंट गावातल्या साध्या घरापर्यंत पोचायला तर आणखी खूप वेळ लागला. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परमिट लागायचं. १९८२ मध्ये ते अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण. त्यानंतर पोती दुकानात मिळू लागली आणि माळवदाच्या जागी स्लॅब आला. आणि इथे वाळूची गोष्ट एकदम पालटते. सिमेंटचा माल घमेल्यात किंवा मिक्सरमध्ये फक्त कालवला जातो, दळला जात नाही. म्हणजे घाणा जे काम करायचा ते आता वाळूने येतानाच करून आणायला हवं. दाणे लहान-मोठे योग्य प्रमाणात, स्वच्छ, चिकणमाती नसलेले. असा माल तयार, धुतलेला, चाळलेला, फुकट कुठे मिळतो? नदीत. पाण्याने हजारो वर्षं तेच केलेलं असतं. 'नदीची वाळू सर्वांत चांगली' हे वाक्य आपल्या भागात सिमेंटच्या पोत्याबरोबर आलं, असं माझं मत आहे. म्हणजे फार तर तीन पिढ्यांचं.

आता थोडं भूशास्त्र, कारण इथे पुस्तकी ज्ञान फसवतं. शाळेत आपण शिकतो की वाळू म्हणजे सिलिका, क्वार्ट्झ. भंडाऱ्याकडच्या वैनगंगेच्या वाळूला ते बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिच्या खोऱ्यात जुने ग्रॅनाइटसारखे खडक आहेत. पण प्रवरा आणि आमच्याकडची गोदावरी वाहतात बेसॉल्टवरून, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावरून. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतोच. तो झिजला की शेवटी काळी चिकणमाती होते. मग नदीतली वाळू कशाची? भिंगाखाली धरा: बेसॉल्टचेच बारीक तुकडे, काळे चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण, खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेले झिओलाइट, कॅल्सेडनी आणि अकीकाचे तुकडे, चुनखडीचे दाणे. आणि खडी क्रशरवर दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू? तोही बेसॉल्टच. म्हणजे आमच्या भागात 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' या दोन्ही बऱ्याच अंशी एकाच दगडाच्या लेकी आहेत. एकीला नदीने घासलं, दुसरीला यंत्राने फोडलं. फरक आहे तो दाण्याच्या आकारात, कोनांत आणि सोबत येणाऱ्या भुकटीत. नदीतल्या कॅल्सेडनीसारखी काही सिलिका तर सिमेंटमधल्या अल्कलीशी क्रिया करू शकते, म्हणून त्याची वेगळी चाचणी असते. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असं सरसकट नाही.

ही भुकटी आमच्या घराला चांगलीच भोवली.

२७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळूसारख्या गौण खनिजांच्या उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मंजुरीशिवाय होणारा उपसा थांबवायला सांगितलं. कायद्याच्या विद्यार्थ्याला ही दोन निकालपत्रं वाटतात. ज्यांचं घर निम्मं बांधून झालं होतं त्यांना ती वाळूच्या दरात दिसली. आमचं घर २०१४ मध्ये गिलाव्याला आलं होतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, नदीची परवडत नाही, क्रशरची वापरू, आता सगळीकडे तीच चालते. वडिलांनी मान्य केलं. पहिल्या उन्हाळ्यातच दक्षिणेकडच्या भिंतीवर जाळीसारख्या बारीक तडा गेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात आतून ओल आली, आणि आजीची खाट त्या खोलीतून हलवावी लागली. तेव्हापासून 'कृत्रिम वाळू' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जातो.

पाच वर्षांनी एम.एस्सी.ला असताना गोठ्यात पडून राहिलेल्या त्याच मालाच्या दोन पोत्यांतून मी नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले. उघड्यावरचा ढीग असता तर पावसाने बारीक भाग धुऊन नेला असता, पोती आडोशाला होती म्हणून नमुना टिकला. धुऊन चाळल्यावर ७५ मायक्रॉनच्या खाली गेलेला भाग मर्यादेच्या खूपच वर निघाला. ती कृत्रिम वाळू नव्हतीच. ती होती कच, खडी फोडताना क्रशरखाली उरणारी भुकटी. कचीला पाणी जास्त लागतं, जास्त पाणी म्हणजे वाळताना जास्त आकसणं, आणि त्यातच तडा. दगडाबरोबर मऊ, सडका खडक क्रशरमध्ये गेला असेल तर त्या भुकटीत चिकणमातीही येते, मग विचारूच नका. भुकटी नुसत्या दगडाची आहे की चिकणमातीची, हे मिथिलीन ब्लूच्या चाचणीने कळतं.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. आयएस ३८३ ची १९७० ची आवृत्ती काढून बघा. फोडलेल्या दगडाची वाळू तिच्या व्याख्येत तेव्हापासूनच आहे. ७५ मायक्रॉनखालचा भाग नदीच्या वाळूत ३ टक्के आणि फोडलेल्या वाळूत १५ टक्के, अशा दोन वेगळ्या मर्यादाही दिल्या आहेत. म्हणजे जिला आपण २०१३ नंतरची नाइलाजाची वस्तू समजतो, ती मानकांच्या पुस्तकात पन्नास वर्षांहून अधिक काळ मान्य आहे. २०१६ च्या आवृत्तीने त्यापुढे जाऊन धातुमळी आणि जुन्या काँक्रीटचा चुरा यांसारख्या गोष्टींनाही जागा दिली. पुस्तकात तीन वेगळ्या वस्तू, बाजारात सगळ्यांना एकच नाव. आमची भिंत या गोंधळात गेली.

जाता जाता ब्रासबद्दल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. २०२३ च्या धोरणात ६०० रुपये ब्रासच्या शेजारी १३३ रुपये टन असाही दर होता. भागाकार करा: एका ब्रासला साधारण साडेचार टन, म्हणजे घनमीटरला १.६ टनाच्या आसपास घनता धरली आहे. कोरड्या वाळूला हे ठीक. पण ओलसर वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसून ते एकमेकांपासून दूर सरकतात, आणि पाच-सहा टक्के ओलाव्याला आकारमान २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं, वाळू बारीक असेल तर त्याहूनही जास्त. पूर्ण पाण्यात बुडवली की ती परत बसते. म्हणजे ट्रॉलीच्या मापाने ओलसर वाळू घेतली तर दाणे कमी आणि हवा जास्त येते. घमेल्याने प्रमाण धरलं तर मालातही वाळू कमी पडते. घरच्या घरी करून बघा, एका उभ्या बरणीत ओलसर वाळू भरा, खूण करा, मग पाणी ओता.

आता नदीची बाजू. वडिलांचा राग खरा होता, पण नदीची वाळू परत मिळावी हा त्यावरचा इलाज आहे का? पात्रातली वाळू म्हणजे पाण्याची टाकी असते. भरलेल्या वाळूतून तिच्या आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी निथळून मिळतं असं धरलं, तर एक ब्रास वाळू साडेपाचशे लिटरच्या वर पाणी धरते, आणि तेही दर पावसाळ्यात पुन्हा. नदीकाठच्या विहिरी त्याच्यावर जगतात. वर धरणं असल्यामुळे नवी वाळू वाहून येणंही कमी झालेलं. अशा पात्रातून काढलेली ट्रॉली पुढच्या पुरात भरून येईल, हे गृहीत धरता येत नाही. माझ्या मामाची विहीर प्रवरेकाठी आहे. पात्र खाली गेलं तसं तिच्यात मोटर खाली सोडत न्यावी लागली. माझ्या घरच्यांच्या बोलण्यात भिंतीचा विषय रोज निघतो, विहिरीचा मामाकडे गेल्यावरच. दोन्ही एकाच हिशेबात आहेत हे मलाही उशिराच दिसलं.

नायगावच्या केंद्रापासून सुरू झालेली डेपोची पद्धत फार टिकली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने ती सोडून पुन्हा लिलावाकडे जायचं ठरवलं, आणि मे महिन्यात कृत्रिम वाळूचं स्वतंत्र धोरण आणलं. एम-सँडच्या प्रकल्पांना ब्रासमागे ६०० ऐवजी २०० रुपये स्वामित्वधन, अशी सवलत त्यात आहे. या धोरणावर येत्या काही वर्षांत भरपूर प्रबंध येतील, तुमच्यापैकी कोणीतरी लिहील. लिहाल तेव्हा नमुन्याच्या पिशवीवर ठिकाण, तारीख आणि खोलीबरोबर एक रकाना जास्त ठेवा: काम. काँक्रीट, जोडकाम की गिलावा. मी आता ठेवते. क्रशरवरून नमुना घेताना ती वॉश केलेली वाळू आहे की कच, हेही तिथेच विचारून लिहिते. नुसतं 'क्रश सँड' लिहून पिशवी बांधली तर सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच काही आठवत नाही.

दक्षिणेकडची भिंत आम्ही २०२० मध्ये खरवडून पुन्हा गिलावा केली. या वेळी धुतलेली क्रश सँड आणली. मिस्त्रींनी ती आधी तळहातावर चोळली. मग पाण्याच्या बाटलीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवली आणि तीन तास ओट्यावर ठेवली. वर बसलेला गाळाचा थर बोटाने मोजला. "चालती," म्हणाले, आणि चाळण लावली. भिंतीला अजून तडा नाही. आजीची खाट परत त्या खोलीत आहे. आणि वडील आल्यागेल्याला भिंतीवर हात फिरवून अजूनही सांगतात, "ही नदीच्या वाळूची आहे."